तेजाब विकायचं असेल तर आधी वही, मग बाटली

इंदूरच्या बडा सराफ्याला लागून असलेल्या एका गल्लीत आमचं सुनारी सामानाचं दुकान आहे. मुशी, चिमटे, फुंकण्या, सवागी, कसोटीचे दगड आणि तेजाब, म्हणजे ॲसिड. माझे सासरे, ज्यांना सगळा बाजार अण्णा म्हणायचा, ते गादीवर बसत तेव्हा तेजाब किलोवर जायचं. गिऱ्हाईक घरून बाटली आणायचं, अण्णा भरून द्यायचे आणि वहीत लिहिली जायची ती फक्त उधारी. आता गादीवर मी बसते, आणि उधारीच्या वहीपेक्षा तेजाबाची वही जाड झाली आहे.

लिहायला बसायचं कारण म्हणजे सफाईच्या सामानाची नवी दुकानं. २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत पहिलं येऊ लागलं, तेव्हापासून गल्लोगल्ली फिनाइल-झाडू-ब्रशची दुकानं निघाली. रामबागेत निघाली, सुदामा नगरात निघाली, आपली मराठी मुलंही त्यात आहेत. कोपऱ्यात एक निळा कॅन ठेवतात आणि मागेल त्याला संडास धुवायचं तेजाब काढून देतात. मग कुणीतरी काहीतरी बोलतं, पोरं घाबरतात आणि माझ्याकडे येतात. "काकू, याला लायसन्स लागतं का हो?"

लागतं. नसेल तर कॅन आजच बंद करा, आणि मग पुढचं वाचा.

कायदा कुठला

मूळ कायदा १९१९ चा, विष अधिनियम. त्याच्याआधी १९०४ चा होता, तो मोडून हा केला. तेव्हा इंदूर होळकरांचं होतं, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचा हा कायदा सराफ्याला आपोआप लागू नव्हता. आता आहे. कायदा एवढासा आहे, चहा संपेपर्यंत वाचून होतो. आपल्या कामाचं कलम २: कोणतं विष कुणी विकायचं, कुणाला विकायचं, एका माणसाला जास्तीत जास्त किती द्यायचं, वही कशी ठेवायची, लेबल काय लावायचं, तपासणी कुणी करायची, याचे नियम राज्य सरकारनं करायचे. मध्य प्रदेशाचे असे नियम आहेत आणि त्यांना जोडून विषांची अनुसूची आहे. ती अनुसूची छापून घ्या आणि गल्ल्याच्या काचेखाली ठेवा. काही आम्लं ठरावीक टक्क्यांच्या खाली असली की सुटतात, काही सुटत नाहीत. "हे तर पातळ आहे" हे आपण म्हणून चालत नाही, अनुसूचीनं म्हणायला हवं.

कलम ६ शिक्षेचं. पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर सहा महिने आणि १,००० रुपये. हे आकडे वाचून रामबागेतला एक मुलगा हसला होता. म्हणाला, "काकू, पाचशेचं तर मी महिन्याला पेट्रोल जाळतो." त्याच्यापुढे मग दुसरा कागद ठेवला.

तो कागद म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा १८ जुलै २०१३ चा आदेश. दिल्लीत २००५ साली लक्ष्मी नावाच्या शाळकरी मुलीवर तेजाब फेकलं गेलं, २००६ मध्ये तिनं याचिका केली, आणि सात वर्षांनी न्यायालयानं दुकानदारांना थेट बांधून टाकलं. वही नसेल तर सुटी विक्री पूर्ण बंद. वहीत घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि किती नेलं ते. सरकारनं दिलेलं, फोटो आणि पत्ता दोन्ही असलेलं ओळखपत्र बघायचं. कशासाठी हवंय ते विचारायचं. अठरा वर्षांखालच्याला द्यायचं नाही. सगळा साठा एसडीएमकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे, जाहीर करायचा, त्याला पंधरा दिवसांची मुदत. जाहीर न केलेला साठा सापडला तर जप्ती आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड. वरच्यापैकी कुठलीही गोष्ट मोडली तरी दंडाची मर्यादा तीच, ५०,०००. मुलाचं हसू तिथेच थांबलं.

फेकणाऱ्याची शिक्षा वेगळी आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम १२४, कमीत कमी दहा वर्षं, पुढे जन्मठेपेपर्यंत. नुसता प्रयत्न केला तरी पाच ते सात वर्षं. आपल्यासाठी त्याच संहितेतलं कलम २८६ लक्षात ठेवा: विषारी पदार्थ निष्काळजीपणानं हाताळून कुणाच्या जिवाला धोका केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याला विकायचीही गरज नाही, उघडा कॅन आणि शेजारी खेळणारं पोर एवढं पुरतं.

लायसन्स

कलेक्टर कचेरी मोती तबेल्यात. डिसेंबर २०२१ पासून इंदूरला पोलिस आयुक्त पद्धत आहे आणि दंडाधिकाऱ्यांचे काही अधिकार तिकडे गेले आहेत, म्हणून तुमच्या दुकानाच्या पत्त्याचा अर्ज नेमक्या कुठल्या टेबलावर जातो हे आधी विचारून घ्या आणि मगच स्टॅम्प पेपर विकत घ्या. बाहेर टाइपिंगवाले बसतात, ते "सब हो जाएगा" म्हणतील. अर्ज त्यांच्याकडून टाइप करून घ्यायला हरकत नाही, पण भरायचा आपण. दुकानाचा पत्ता, माल ठेवायच्या जागेचा पत्ता, कुठलं आम्ल, जास्तीत जास्त किती. दोन पत्ते वेगळे असतील तर दोन्ही लिहा. पुष्कळ जणांचं दुकान बाजारात आणि कॅन घरच्या जिन्याखाली असतात, आणि अडचण नेमकी तिथे होते.

लायसन्स माणसाच्या नावावर असतं. अण्णा गेले तेव्हा आम्ही आधी साठा मोजून कुलूप लावलं, नव्या नावानं कागद झाले आणि मग पहिली बाटली विकली. मधल्या काळात कारागीर रोज येऊन बोलून जायचे. येऊ द्यायचे.

जागा

इंदूरबाहेरच्यांना सांगते: दिवसा सराफ्यात सोनं-चांदी विकली जाते आणि रात्री शटर पडलं की त्याच ओट्यांवर खाऊगल्ली भरते. आमच्याही ओट्यावर रात्री भुट्ट्याच्या किसाची कढई लागते. म्हणजे दुपारी जिथे नायट्रिकच्या बाटलीचं बूच उघडलं, तिथून हातभर अंतरावर रात्री कुणीतरी द्रोणात कीस खातं. त्यामुळे आमच्याकडचे नियम सरकारपेक्षा कडक आहेत. तेजाब पुढच्या दुकानात राहत नाही, मागच्या खोलीत राहतं. भरण्याचं काम फक्त तिथे, फक्त सकाळी. संध्याकाळी सातनंतर एकही बाटली देणं नाही, कितीही जुनं गिऱ्हाईक असलं तरी. शटर ओढायच्या आधी ओटा सोड्याच्या पाण्यानं धुवायचा आणि वर साधं पाणी. कढईवाल्यांनी एकदा रिकामा कॅन पाण्यासाठी मागितला होता. तेव्हापासून रिकामे कॅन भोक पाडूनच भंगारात जातात.

तुमच्याकडे खाऊगल्ली नसेल, पण शेजारी किराणा असेल, डेअरी असेल, वरच्या मजल्यावर बिऱ्हाड असेल. मागची खोली नसेल तर कुलपाचं लोखंडी कपाट, आतून प्लॅस्टिकचे ट्रे, वर-खाली हवेला जाळी. बाटल्या जमिनीलगतच्या फळीवर, डोळ्यांच्या वर कधीही नाही. नायट्रिकच्या जवळ भुसा, तागाची पोती, स्पिरिट, रद्दी असलं काही नको. सांडलं तर पुष्कळ जण लाकडाचा भुसा टाकतात, नायट्रिकवर टाकलेला भुसा पेट घेऊ शकतो. वाळू ठेवा, खायचा सोडा ठेवा. आणि ब्लीचिंग पावडर तेजाबाच्या खोलीत ठेवूच नका. सफाईचं सामान विकणाऱ्यांकडे ही दोन्ही हमखास शेजारी असतात, आणि दोन्ही एकत्र आली की क्लोरीनचा वायू सुटतो.

वही

इथे जरा थांबते, कारण तपासणीत पोरं इथेच अडकतात. माल नसतो असं नाही, हिशेब लागत नाही.

अडचण अशी की तेजाब येतं किलोनं आणि जातं लिटरनं. नायट्रिकचा कॅन बिलावर ३५ किलो लिहिलेला असतो. तुम्ही विकता पाचशे मिलिलिटरच्या बाटल्या. ३५ किलोच्या सत्तर बाटल्या असं मनात धरून वही लिहिलीत तर पन्नासाव्या बाटलीला कॅन रिकामा होईल आणि वहीत वीस बाटल्या, म्हणजे दहा लिटर तेजाब, कागदावर शिल्लक राहील. तपासायला आलेला माणूस विचारणार, हे दहा लिटर कुणाला दिलं? आणि तुमच्याकडे उत्तर नसणार.

नेहमीचं ६८-७० टक्क्यांचं नायट्रिक पाण्याच्या साधारण १.४ पट जड असतं. ३५ भागिले १.४, म्हणजे २५ लिटर, म्हणजे पन्नास बाटल्या. सल्फ्युरिक ९८ टक्क्यांचं असेल तर १.८४ पट, ५० किलोच्या कॅनमध्ये २७ लिटरच्या थोडं वर. हायड्रोक्लोरिक त्यामानानं हलकं, बाजारातलं तीसेक टक्क्यांचं १.१५ ते १.१६ पट, ३५ किलोत ३० लिटरच्या आसपास. ही घनता कॅनबरोबर येणाऱ्या कागदावर छापलेली असते, तीच धरा, माझी नको. माल आला की त्याच दिवशी साठ्याच्या वहीत दोन रकाने भरायचे, किलो आणि लिटर, आणि पुढे सगळं लिटरमध्येच चालवायचं. शेवटी तळाला थोडं राहतं, थोडं वाफेवर जातं. त्यासाठी "घट" असा रकाना ठेवा आणि कॅन संपेल त्या दिवशीच तो भरा. मार्चअखेरीला सगळ्या वर्षाची घट एकदम लिहिली तर ती खोटीच वाटते, खरी असली तरी.

साठ्याची वही वेगळी आणि विक्रीची वेगळी. विक्रीच्या वहीतले माझे रकाने असे: तारीख, बिल नंबर, नाव, राहण्याचा पत्ता, कामाच्या जागेचा पत्ता, ओळखपत्र कुठलं, आम्लाचं नाव आणि टक्के, किती, कशासाठी, सही. तुमच्या लायसन्सबरोबर नमुना दिला असेल तर आधी तो, आणि जास्तीचे रकाने उजवीकडे जोडा. पानांना आधीच नंबर टाका. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून शेजारी सही, पांढरी शाई नको. आम्लाचं नाव नीट लिहा. बाजारात शोऱ्याचं, गंधकाचं, मिठाचं असं म्हणतात आणि बोलायला ते ठीक आहे, वहीत मात्र नायट्रिक, सल्फ्युरिक, हायड्रोक्लोरिक आणि टक्केवारी.

ओळखपत्राचं बघा. पॅन कार्ड चालत नाही. त्यावर फोटो असतो, जन्मतारीख असते, पत्ता नसतो, आणि आदेशात पत्ता असलेलंच म्हटलं आहे. मतदार कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट, आधार यांपैकी काहीही. आधार असेल तर मी पूर्ण नंबर उतरवत नाही, शेवटचे चार आकडे लिहिते, आणि झेरॉक्स द्यायचीच असेल तर पहिले आकडे झाकलेलं मास्क्ड आधार मागते. लोकांच्या आधारचे गठ्ठे दुकानात साठवायची मला हौस नाही.

आमच्याकडे एक खास घोळ असतो. सराफ्यातले पुष्कळ कारागीर बंगालचे. त्यांच्या कार्डावर पत्ता हुगळी नाही तर मेदिनीपूरचा. कार्ड खरं, माणूस खरा, पण उद्या काही झालं तर पोलिसांनी त्याला शोधायचं कुठे? म्हणून दोन पत्त्यांचे दोन रकाने, आणि इथला पत्ता ज्या शेठजींच्या कारखान्याचा असेल त्यांच्या लेटरपॅडवर चार ओळी. पहिल्यांदा कुरकुर होते, दुसऱ्यांदा ते स्वतःच घेऊन येतात.

कशासाठी

सगळ्या वहीत खरं काम हा एक रकाना करतो, आणि तोच सगळ्यात वाईट भरला जातो. दुसऱ्यांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. वरपासून खालपर्यंत "घरकाम, घरकाम, घरकाम". याला विचारणं म्हणत नाहीत.

विचारायचं म्हणजे असं. इन्व्हर्टरवाला माणूस येतो, म्हणतो, "भाभीजी, बैटरी का तेजाब दे दो." मी विचारते, बॅटरी फुटली का? नाही. पाणी कमी झालंय का? हो. मग त्याला तेजाब नकोच आहे, डिस्टिल्ड वॉटर हवं आहे. बॅटरीतलं पाणी उडतं, आम्ल आत राहतं. वरून तेजाब घातलं तर बॅटरी बिघडते. त्याला शेजारच्या दुकानातून पाण्याचा कॅन घ्यायला सांगितलं की तो खूश, माझी एक नोंद वाचली आणि शहरातली एक बाटली कमी झाली.

टिळक नगरातल्या एक वहिनी फरशीवरचे डाग काढायला तेजाब मागत होत्या. फरशी कुठली? संगमरवर. म्हटलं, वहिनी, डाग जाईल आणि त्याबरोबर चकाकीही जाईल, आम्ल संगमरवराला खातं. नळाच्या तोट्यांवरचे पांढरे डाग असतील तर सायट्रिक ॲसिडची पुडी, म्हणजे लिंबूफूल, कोमट पाण्यातून लावा. संडासासाठी कंपनीचं सीलबंद क्लीनर. घरगुती गिऱ्हाइकाला मी सुटं तेजाब देत नाही. नियमात बसवून देता येतं, तरी देत नाही. हा माझा निर्णय आहे, तुम्ही तुमचा घ्या. पण दिवसाला दोन बाटल्यांच्या नफ्यात मला तरी ती काळजी परवडत नाही.

खऱ्या कारागिराला विचारलं की तो सांगत सुटतो. उजाळ्यासाठी हवंय, चांदी वेगळी करायची आहे, इतकं इतकं सामान आहे. मीही तसंच लिहिते: "सोन्यातून चांदी काढणे, सुमारे २०० ग्रॅम सामान." किती सामानाला किती तेजाब लागतं याचा अंदाज वर्षभर गादीवर बसलं की येतो, आणि मग दुप्पट मागणारा लगेच कळतो. कसोटीसाठी नेणारे आता कमी झाले. जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला, तपासायला मशिनं आली. त्यामुळे कसोटीच्या नावाखाली कुणी लिटरभर मागितलं तर मी मान वर करून बघते. कसोटीला थेंब लागतात.

माल आणि कारण यांचा मेळ बसतो का हे बघा. संडास धुवायला कुणी नायट्रिक मागत नाही. ज्याला आपण काय मागतोय याचं नाव माहीत नाही, "सबसे तेज वाला" एवढंच म्हणतो, त्याला देऊ नका. ज्याला ओळखपत्र मागितलं की राग येतो, त्याला देऊ नका. राग दाखवत नाही पण कारण दर वेळी बदलतो, त्यालाही नको. आणि नाही म्हणताना "माल संपला" असं खोटं सांगू नका. तो पुढच्या गिऱ्हाइकाला बाटली देताना बघेल आणि ओट्यावर भांडण होईल. सरळ सांगायचं, "भैया, इस काम के लिए नहीं दे सकते." कुणाबद्दल मनात खरोखर पाल चुकचुकली, कुणाचं नाव घेऊन तो बडबडत होता, तर वहीच्या शेवटच्या पानावर वेळ आणि वर्णन लिहा आणि ठाण्यात सांगा. ११२ लावायलाही लाजू नका.

कारखान्यातलं पोर येतं, "सेठजी ने मंगाया है." पंधरा-सोळा वर्षांचं. शेठजींना फोन लावला तर ते म्हणतात, "दे दो, मेरा आदमी है." आदमी नाही, पोर आहे. शेठजींना स्वतः यावं लागतं. एकदोघं त्यापायी दुसऱ्या दुकानात गेले, जाऊ दे.

बाटली देताना

गिऱ्हाइकाची बाटली घेत नाही. शरबताची, पाण्याची, दारूची, कुठलीच. आमची बाटली, एचडीपीई म्हणजे जाड प्लॅस्टिकची किंवा काचेची, आतून बूच आणि वरून झाकण. लेबलावर आम्लाचं नाव, टक्के, लाल अक्षरांत "विष" हिंदीतून, दुकानाचं नाव आणि लायसन्स नंबर. लेबल पारदर्शक टेपनं झाकायचं, नाहीतर पहिल्याच थेंबाला शाई उडते आणि मागे राहते ती निनावी बाटली.

देवास, धार, महू इथली गिऱ्हाइकं म्हणतात, "बसवाल्याच्या हाती पाठवून द्या." नाही. प्रवासी बसच्या सीटखाली तेजाब जाणार नाही. आगगाडीनंही नाही, रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली धोकादायक सामान बेकायदा नेलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि पकडला जाईल तो तुमचं बिल दाखवेल. ऑनलाइन विकायचा मोह असेल तर डिसेंबर २०२२ आठवा. दिल्लीत द्वारकेला शाळकरी मुलीवर हल्ला झाला, तेजाब ऑनलाइन मागवल्याचं समोर आलं, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं विक्री करणाऱ्या मोठमोठ्या मंचांना नोटिसा पाठवल्या. दारात येऊन पाकीट ठेवून जाणारा मुलगा ओळखपत्र बघत नाही आणि कशासाठी ते तर विचारतच नाही.

शाळा-कॉलेजची प्रयोगशाळा गिऱ्हाईक असेल तर लेटरहेडवर मागणी घ्या. त्यांनाही २०१३ च्या आदेशानं वापराची वही ठेवायला लावली आहे, ती एसडीएमकडे द्यायला लावली आहे, आणि साठ्याला एक माणूस जबाबदार धरायला सांगितला आहे. त्या माणसाचं नाव मागणीपत्रावर असू द्या. शिपायाच्या हाती चिठ्ठी आली तर परत पाठवा.

काय ठेवू नये

मुलामा देणारे सायनाइड विचारत येतात. आम्ही ठेवत नाही, कधी ठेवलं नाही. त्यांनी ज्याच्याकडे त्याचे कागद आहेत त्याच्याकडून घ्यावं. ॲसेटिक अनहायड्राइड कुणी मागितलं तर तो वेगळाच कायदा आहे, अमली पदार्थांचा, त्यात ते नियंत्रित रसायन आहे. आपल्या माळव्यात, मंदसौर-नीमच-रतलामला अफूची सरकारी परवान्याची शेती, त्यामुळे या नावाला इथे फार कान लागलेले असतात. साध्या दुकानानं त्या वाटेला जाऊ नये.

उंदराचं औषध आणि शेतीची औषधं १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. तेजाबाच्या लायसन्सवर ती विकता येत नाहीत, त्याचं लायसन्स कृषी खात्याकडून घ्यावं लागतं. त्या डब्यांवर चौकोनात रंग असतात: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असं नाही, एवढं पोरांना सांगून ठेवा.

सांडलं, उडालं तर

मागच्या खोलीत वाहता नळ हवाच. अंगावर उडालं तर कपडे काढा आणि वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटं. सोडा अंगाला चोळायचा नाही, हळद नाही, टूथपेस्ट नाही, मलम नाही. सोडा ओट्यासाठी आहे. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून पाणी, आणि धुता धुताच दुसऱ्यानं गाडी काढायची. आम्हाला एमवाय हॉस्पिटल जवळ पडतं. आणि तेजाबाचा हल्ला झालेल्या माणसाला कुठलंही हॉस्पिटल, सरकारी असो की खासगी, पैशासाठी अडवू शकत नाही. पहिला उपचार लगेच आणि फुकट द्यायचा, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आहे. हे मी गल्ल्यामागे हिंदीत लिहून लावलं आहे, कारण अशा वेळी कुणाला आठवत नाही.

पातळ करून विकत असाल तर पाण्यात तेजाब हळूहळू, उलटं कधीच नाही. खरं म्हणजे पातळ करून विकूच नका, त्यात टक्केवारीचा नवा हिशेब गळ्यात पडतो.

तपासणी आणि वर्षअखेर

तपासायला आलेला माणूस आधी कॅन बघत नाही, वही मागतो. मग शेवटची शिल्लक वाचतो आणि म्हणतो, चला, दाखवा. म्हणून प्रत्येक कॅनवर लिटरच्या खुणा मार्करनं करून ठेवा, म्हणजे मोजायला त्याच्यासमोर तेजाब ओतावं लागत नाही. खरेदीची बिलं त्याच क्रमानं लावलेली असावीत. पुरवठा करणाऱ्याच्या लायसन्सची प्रत त्यांच्या वर ठेवा. विनालायसन्स माणसाकडून स्वस्त मिळालेला कॅन तुमच्या वहीत कुठेच बसत नाही.

३१ मार्चला आम्ही साठा मोजतो आणि शिल्लक नव्या वहीच्या पहिल्या पानावर नेतो. जुनी वही फेकायची नाही. लायसन्सच्या अटीत जितकी वर्षं लिहिली असतील तितकी ठेवायची, मी त्याहून जास्त ठेवते. धंदाच बंद करायचा असेल तर उरलेलं तेजाब नालीत ओतू नका. लायसन्स असलेल्या दुसऱ्या दुकानदाराला बिलावर द्या, त्याचा लायसन्स नंबर वहीत लिहा, शिल्लक शून्य करा आणि तसं कचेरीला लेखी कळवून पोच घ्या.